दाराबाहेरची खुर्ची

दादा, गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. तुमची लोखंडी होती, घडीची, बसलं की करकरायची. आमची प्लास्टिकची आहे, पण जागा तीच, सभेच्या खोलीच्या दाराबाहेर, भिंतीला टेकून. बोरिवलीच्या मुलांच्या ज्या संस्थेची मी अध्यक्ष आहे, तिथे विश्वस्तांची सभा असली की मावशी आधी पाण्याची भांडी मांडतात आणि मग ती खुर्ची बाहेर नेऊन ठेवतात. कुणा नव्या माणसाने विचारलं की ही इथे कशाला, तर त्या सांगतात, "ताईंच्या वडिलांची पद्धत आहे." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की त्यांनी तुमचा फोटोसुद्धा पाहिलेला नाही, पण पद्धत त्यांना पाठ आहे. ज्याच्या नात्यातल्या माणसाचा विषय निघेल त्याने उठायचं, बाहेर जाऊन बसायचं, आणि तो किती वाजता गेला, किती वाजता परत आला, हे इतिवृत्तात लिहायचं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना त्या खुर्चीवर बसवत आले. स्वतः बसल्यावर जे कळलं ते तुम्हाला सांगायला आजची दुपार काढली आहे. पण सुरुवात तुमच्यापासूनच करते, कारण या सगळ्याचं मूळ तुम्ही, आणि त्याबद्दल मी तुमच्याशी कधी धड बोलले नाही.

मुलुंडचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे येतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. तुम्ही जमिनीवर बसला आहात, मांडीवर पाट, पाटावर कागद आणि कागदांमध्ये कार्बन. सात विश्वस्तांना सभेच्या सात सूचना जायच्या आहेत. चार प्रतींच्या पुढे कार्बन उमटत नाही, म्हणून उरलेल्या तीन मी काढते आहे. आईला पोळ्या करायच्या आहेत आणि तिच्या बसायचा पाट तुमच्याकडे आहे. "आज भाजी कुठली करायची त्याचीही सात दिवस आधी नोटीस काढा," ती म्हणते. तुम्ही मान वर न करता विचारता, "सूचक कोण?" ती लाटणं उगारते. तुम्ही हसत नाही, पण मिश्या हलतात. आपल्या घरात थट्टा अशीच चालायची, ठरावाच्या भाषेत, आणि मैत्रिणींच्या घरी असं कुणी बोलत नाही हे मला कॉलेजात जाईपर्यंत कळलं नव्हतं.

ज्या शाळेच्या या सूचना, ती बहिऱ्या मुलांची होती. गल्लीतल्या डॉक्टरांनी सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ती सुरू केली, तेव्हा संस्था नोंदवायला सात माणसं हवीत असं त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि त्यांनी गल्लीतलीच सात गोळा केली. तुम्हाला घेतलं ते तुमच्या अक्षरासाठी. सभा अशी कधी होतच नसे. डॉक्टर दवाखान्यात पेशंट नसले की रजिस्टरात सभा लिहून काढत, अमुक हजर, तमुक हजर, ठराव एकमताने मंजूर, आणि शाळेतल्या आयाबाई ते रजिस्टर पिशवीत घालून घरोघर सह्या घेत फिरत. लोक चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने सही करत. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. सगळे भले लोक होते आणि भल्या लोकांना कागदाचा कंटाळा असतो.

तो रविवार मला अजून दिसतो. आयाबाई दारात उभ्या आहेत आणि तुम्ही रजिस्टर वाचता आहात. आधीच्या चार घरांत कुणी वाचलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की गेल्या गुरुवारी संध्याकाळी सभा झाली, आणि शाळेचा दुसरा वर्ग दुपारी भरवायच्या ठरावाला तुम्ही अनुमोदन दिलं. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही विक्रोळीला कारखान्यात सेकंड शिफ्टला होतात. आयाबाई म्हणाल्या की सही करून टाका ना, अजून एक घर राहिलंय. तुम्ही त्यांना चहा दिला, शर्ट चढवला आणि रजिस्टर घेऊन स्वतः डॉक्टरांकडे निघालात. मी मागोमाग आले, कारण काहीतरी होणार याचा मला वास लागला होता आणि मला भांडणं बघायला आवडायची.

डॉक्टर आधी हसले. आपण एका गल्लीतली माणसं, रोज भेटतो, बोलतो, आता सभा म्हणून वेगळं काय करायचं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही आवाज चढवला नाही. तुमची सगळी नोकरी टाइम ऑफिसातली, दोन-अडीच हजार कामगारांची हजेरी तुमच्या हाताखालून जायची, आणि तुम्ही तिथलंच उदाहरण दिलंत. "डॉक्टर, आमच्याकडे एकाने दुसऱ्याचं कार्ड पंच केलं तर दोघंही घरी जातात. त्या दिवशी काम कमी झालं म्हणून नाही. एकदा खोटी हजेरी लागली की खऱ्या हजेरीवरही कुणाचा विश्वास राहत नाही." डॉक्टर पंधरा दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस आपणहून घरी आले आणि म्हणाले, तुम्हालाच एवढं कळतंय तर ही धोंड तुम्हीच गळ्यात बांधून घ्या. तुम्ही सेक्रेटरी झालात ते असे.

आणि मग गल्लीची जी काही वाट लागली! महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बरोब्बर चारला सभा. टीव्हीवरच्या मराठी सिनेमाच्या आत प्रत्येकाला घरी सोडायची जबाबदारी तुमची, पण चारला आला नाही तर गैरहजर. नवं रजिस्टर आणलं की आधी तुम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत पानांवर आकडे घालायचात, शाईने, स्वतःच्या हाताने, म्हणजे मधलं पान फाडता येणार नाही आणि मागाहून घुसडता येणार नाही. विरोधात कोण बोललं तेही लिहायचात. लोकांना ते फार लागायचं, कारण सभेत कडकडून बोलायचं आणि कागदावर एकमत ठेवायचं ही आपली जुनी रीत. खुर्चीची पद्धतही तुमचीच. तिच्यावर पहिले बसले हेडमास्तर. निवृत्त, तापट, शाळेला बाकं करून हवी होती आणि त्यांच्या जावयाचं सुतारकामाचं दुकान होतं. मी काय चोर आहे का, असं म्हणत ते बाहेर गेले आणि पेपर तोंडापुढे धरून बसले. तुम्ही आतून त्यांना आपल्या हाताने चहा नेऊन दिलात. जावयाचीच बाकं मंजूर झाली, कारण ती खरंच चांगली होती. त्यानंतर हेडमास्तर ज्याला त्याला सांगत सुटले की आमच्या बाकांवर बोट ठेवून दाखवा, मी बाहेर होतो, लिहिलेलं आहे.

मला हे सगळं तेव्हा झकास वाटायचं. माझ्यावर शेकेपर्यंत.

बी.ए. झाल्यावर बहिऱ्या मुलांना शिकवायचा कोर्स मी केला, आणि वर्षभर त्याच शाळेत तात्पुरती म्हणून शिकवलं. त्या वर्षाइतकी मी पुढे कधी सुखी होते असं मला वाटत नाही. एक सहा वर्षांची मुलगी माझ्या गळ्यावर तळहात ठेवून आवाज हाताला कसा लागतो ते बघायची आणि मग तसाच आवाज आपल्या गळ्यातून काढायची. पहिल्यांदा तिने "आई" म्हटलं तेव्हा तिची आई दारातच खाली बसली. मग तिथे कायमची जागा निघाली. अर्ज दोन उरले, एक माझा आणि एक घाटकोपरच्या एका मुलीचा. ती तीन वर्षं दुसऱ्या शाळेत शिकवत होती, आणि मुलाखतीला स्वतः काढलेली चित्रं गुंडाळून घेऊन आली होती. मी काहीच नेलं नव्हतं. मला वाटलं, मला काय दाखवायचंय, मी घरचीच.

त्या शनिवारी तुमच्यासकट पाच जण आले. माझं नाव निघालं तसे तुम्ही उठून बाहेर गेलात. पुढचं मला आयाबाईंनी सांगितलं, त्या गॅलरीत स्टोव्हवर चहा करत होत्या. आत चौघं राहिले, दोन माझ्या बाजूने आणि दोन तिच्या, आणि डॉक्टर अध्यक्ष म्हणून जादा मत त्यांचं. ते उठून बाहेर आले. तुमच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सेक्रेटरी, मत नका देऊ. पण मुलगी तुमची आहे, नुसतं चालेल म्हणा, बाकी मी बघतो." तुम्ही खुर्चीवरून उठलासुद्धा नाहीत. म्हणालात, "मी बाहेर आहे, डॉक्टर. बाहेरच्याला आतलं विचारू नये." डॉक्टर परत आत गेले. नोकरी घाटकोपरच्या मुलीला मिळाली.

घरी येऊन चपला काढता काढता तुम्हीच सांगितलंत, "तुझं झालं नाही." आई ओट्याजवळ शिरा ढवळत होती, कारण होणारच हे तिने धरून ठेवलं होतं. तिने गॅस बंद केला. "लोकांचे बाप मुलांना नोकरीला लावायला दारं ठोठावतात," ती म्हणाली, "आणि माझ्या मुलीचा बाप दाराबाहेर बसून राहतो." मी आईपेक्षा वाईट बोलले. मी म्हटलं, "दादा, उद्यापासून या घरात माझी गैरहजेरी लावा." तुम्ही शर्ट खुंटीला लावलात आणि शिऱ्याची वाटी घेऊन एकटेच खिडकीपाशी बसलात. तो शिरा तुम्ही खाऊ शकलात याचाच मला जास्त राग आला होता. आठवड्याच्या आत मी मालाडला मामाकडे राहायला गेले आणि गोरेगावच्या एका संस्थेत मतिमंद मुलांच्या वर्गावर लागले. वर्षभर मी तुमच्याशी बोलले नाही. सणाला आले तरी आईशी बोलून निघायची.

वर्षाने गोरेगावच्या संस्थेने मला शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून कार्यकारिणीवर घेतलं. मी आईला सांगितलं, तुम्हाला नाही. पुढच्या आठवड्यात मामाकडे आईबरोबर एक पुडकं आलं. लाल कापडी पाठीचं जाड रजिस्टर, कोरं, आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तुमच्या हातचा आकडा, एकपासून दोनशेपर्यंत. आत चिठ्ठी नाही, आशीर्वाद नाही, काही नाही. दोनशे आकडे तुम्ही एका बैठकीत घातले नसणार, शेवटीशेवटी शाई बदललेली दिसते. त्या दिवशी मी मामीच्या मोरीत जाऊन रडले आणि रविवारी मुलुंडला आले. तुम्ही विचारलंत, "तुमच्याकडे कोरम किती?" मी म्हटलं, "चार." आपला समेट एवढ्यावर झाला, आणि मला तो पुरला.

तुम्ही गेलात ते त्याच दशकात, निवृत्त व्हायच्या आधीच. शोकसभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. डॉक्टरांनी मला गॅलरीत बाजूला घेतलं आणि म्हणाले, "पोरी, त्या दिवशी त्याने नुसतं हूं केलं असतं तरी मी तुला घेतलं असतं. आणि ते चुकलं असतं." तेव्हा ते ऐकून माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण आत वर्गात घाटकोपरच्या त्या बाईंनी लावलेली चित्रं होती, आणि माझ्या गळ्यावर हात ठेवणारी ती मुलगी आता वाक्यं बोलत होती. घाटकोपरची ती बाई माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका होती, दादा. मला मुलांचा लळा होता आणि तिला काम येत होतं. हे मी लोकांना पुष्कळदा सांगितलं, तुम्हाला सांगायचं राहिलं.

आता लोक मला बोलावतात. मालाडचं महिला मंडळ, घाटकोपरचं वाचनालय, कुठला तरी वृद्धाश्रम, सगळ्यांना एकदा विश्वस्तांशी बोला म्हणतात. मी जाते आणि जे आहे ते तोंडावर सांगते. जो विश्वस्त वर्षभरात एकही प्रश्न विचारत नाही त्याला घरी पाठवा, त्याच्या जागी कुंडी ठेवा, निदान हवा शुद्ध होईल. संस्थापकांनी वेळेवर उठावं, आमच्याकडे ते खुर्चीतून थेट भिंतीवरच्या फोटोत जातात. पगारी माणसाचं काम त्याला करू द्या, विश्वस्तांनी रोज स्वयंपाकघरात जाऊन झाकणं उघडून बघू नयेत. आणि घडीची एक खुर्ची दाराबाहेर ठेवा. लोक हसतात, लिहून घेतात, आणि पुष्कळ ठिकाणी खुर्ची खरंच बाहेर आलेली मी पाहिली आहे. यातलं बहुतेक तुमचं आहे आणि ते बरोबर आहे, याबद्दल मला कधी शंका आली नाही. आजही नाही.

आता गेल्या महिन्याचं. आमच्याकडे समन्वयकाची जागा होती. माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी, तिने अर्ज केला होता. हुशार आहे, कामाला वाघ आहे, घाटकोपरला वाढली आहे. मी सभेत उठून सांगितलं की ही माझी भाची, आणि बाहेर गेले. चार वाजून दहा मिनिटं, लिहिलेलं आहे. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि तुमची आठवण काढून जरा ताठच बसले, खोटं कशाला बोलू. दार नीट लागलं नव्हतं. आतून आमच्या खजिनदारांचा आवाज आला. "गुजरातीच्या अटीत दोघी गळल्याच. ती अकरा वर्षं अनुभववाली गेली, वाईट वाटतं, पण अट म्हणजे अट." थोड्या वेळाने मला आत बोलावलं आणि सांगितलं की भाचीची निवड एकमताने झाली. एक तरुण विश्वस्त म्हणाले, "ताई, बाहेर जावं कसं ते तुमच्याकडून शिकावं."

ती जाहिरात मी लिहिली होती, दादा. गुजराती बोलता येणं आवश्यक, ही अट मी घातली. बोरिवलीत गुजराती पालक पुष्कळ, त्यामुळे कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. पण आमच्या जुन्या समन्वयक बाईंना गुजरातीचं एक अक्षर येत नव्हतं आणि त्यांचं काही अडलं नव्हतं. अट लिहिताना मला माहीत होतं की पोरगी अर्ज करणार आहे, आणि घाटकोपरच्या तिच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांमुळे ती गुजराती कशी फाडफाड बोलते तेही माहीत होतं. मी स्वतःला म्हटलं, संस्थेच्या सोयीचं आहे. तुम्ही बाहेर बसलात तेव्हा सगळेच्या सगळे बाहेर होतात. मी बाहेर बसले आणि माझी अट आत माझ्या जागेवर बसून होती. अकरा वर्षं अनुभव असलेली ती कोण बाई, ती आपलं कुठे चुकलं म्हणून घरी विचार करत असेल, आणि ती चुकलेली नाही.

पुढची सभा पुढच्या शनिवारी आहे. घटनेप्रमाणे सात दिवस आधी विषय कळवायला हवा, म्हणजे सूचना आज निघाली तर निघाली. विषय काय लिहायचा ते मला सकाळपासून माहीत आहे: जाहिरातीतली गुजरातीची अट कुणी आणि का घातली, आणि निवड पुन्हा करावी का. पोरीने अजून तिथे पाऊलही टाकलेलं नाही, पण पेढे वाटून झाले आहेत. धाकटी माझ्याशी बोलणं टाकेल. असा अबोला साधारण वर्षभर टिकतो, हे मला ठाऊक आहे. विश्वस्तांना मी अध्यक्षपदावरून नको असले तर तेही त्यांनी ठरवावं, मी बाहेर बसेन, आणि या वेळी माझं काही आत ठेवणार नाही.

हे पत्र मी तुमच्याच रजिस्टरात लिहिते आहे. गोरेगावच्या संस्थेचं आपलं वेगळं होतं, म्हणून हे माझ्याकडेच राहिलं, आणि सभांत जे बोलायचं राहून गेलं ते मी वर्षानुवर्षं यात लिहीत आले. आजचं पत्र एकशे त्र्याऐंशीव्या पानापासून सुरू झालं. गुजरातीचा परिच्छेद एकशे अठ्ठ्याऐंशीवर आला आहे. तो लिहून झाल्यावर मी ते पान फाडायला घेतलं होतं. वरून बोटभर फाटलंही. मग कोपऱ्यातला तुमचा आकडा दिसला. आता ते पान चिकटपट्टी लावून तसंच ठेवलं आहे, आणि मी सूचना लिहायला घेते.